गोल मांडलेल्या खुर्च्या

ज्या दिवशी क्लबने आमच्या कोचला काढून टाकलं, त्या दिवशी मी त्याचं अभिनंदन केलं.

इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात प्रौढांच्या फुटबॉल संघात मी राईट बॅक आहे, म्हणजे उजवीकडे उभा असतो. कोच एकेकाळी भरलेल्या स्टेडियममध्ये खेळलेला. मग मोठ्या संघाचा कोच, मॅनेजर. पुढे दर वेळी आणखी लहान गावाचा क्लब, आणि शेवटी आम्ही. पावसातही टोपी घालायचा नाही. टेबलावर साखरेचे खडे मांडून डाव समजवायचा आणि बोलता बोलता माझा खडा तोंडात टाकायचा.

त्या संध्याकाळी कँटीनमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात केक. इकडे वाढदिवसाला असंच बसतात, आणि आल्या आल्या सगळ्यांचंच अभिनंदन करायचं असतं. मी एकेकाचा हात हातात घेऊन हलवत सुटलो. कोचचा तर दोन्ही हातांनी! कुणी हसेना.

क्लबच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अरे, आम्ही याला निरोप देतोय. तरुण कोच मिळालाय."

यापुढे आमच्या कोचला कुठलाच संघ मिळणार नव्हता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो उठला, स्वतःच्या हाताने मला केक कापून दिला आणि बाहेर जाऊन सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करू लागला.

मी मागोमाग धावलो. "माफ कर. मला वाटलं, तुझा वाढदिवस आहे."

"तू बोलतोसही खेळतोस तसाच," कोनात कोन घालत तो म्हणाला, "चेंडू कुठे आहे ते न बघता."