सगळ्यात खालचा ओटा

देवळीच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं आणि त्या ओळीत सगळ्यात खालचा ओटा माझाच होता. दर उन्हाळ्यात शेजारचे दुकानदार आपापल्या ओट्यावर विटांचा एक थर चढवत. एकानं चढवला की दुसऱ्याला राहवत नसे. पावसाळ्यात मग चौकातलं सगळं पाणी माझ्याकडे येई, आणि मी मशीन टेबलावर चढवून कापडं पिळत बसे.

मीही ओटा वाढवला असता. पण माझे बाबा रोज सकाळी दुकानात येऊन बसत. जन्मभर विहिरी खोदून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, दोन पायऱ्याही चढवत नसत. ओटा वाढवायचा म्हणजे त्यांना घरी बसवायचं, आणि ते मला मान्य नव्हतं. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात महालक्ष्म्यांच्या सणासाठी शिवलेले सगळे ब्लाउज भिजले, तेव्हा मी दुकानच सोडायचं ठरवलं.

बाबांना सांगितलं. ते चौकातल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "काळी माती पानी धरून ठेवते, पोरी. पन इथं खाली मुरूम हाय, तो पानी पेते. बाजूची विहीर म्याच खोदली."

म्हणजे तिथली काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची, खड्ड्यात गिट्टी आणि रेती भरायची, वर वाळा आणि कर्दळ लावायची, पण जागा रस्त्यापेक्षा खोलच ठेवायची. चौकाचं पाणी तिथं उतरेल आणि मुरेल. एवढं सांगायला मी नगरपरिषदेत किती खेटे घातले ते विचारू नका. तिथला बाबू म्हणाला, "लोक खड्डे बुजवाले येतात, बाई. तुम्ही खोदाले आल्या." मी हसले नाही. पण शेवटी परवानगी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात खड्डा खोदला गेला, आणि मुरूम दिसेपर्यंत बाबा काठावर मांडलेल्या खुर्चीवरून हलले नाहीत.

गवंडी मात्र हौशी निघाला. बगीचा म्हटल्यावर त्यानं भोवती गुडघाभर कठडा बांधला, छान घोटला, वर गेरू लावला. झाडाला पार बांधल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही. मीही कौतुकानं पाहत राहिले, काही खटकलं नाही. आषाढात जोराचा पाऊस आला आणि पाणी त्या सुंदर कठड्याला वळसा घालून थेट माझ्या दुकानात शिरलं. समोरचा कापड दुकानदार आपल्या उंच ओट्यावरून म्हणाला, "बगीचा मस्त हाय, बाई. पान्याले आवडला नाई वाटते."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. बाबांनी गवंड्याला बोलावून घेतलं. "पाहुण्याले बोलावतं, अन् दार काऊन बंद करून राह्यला?" गवंडी ओशाळला. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडचा कठडा चार जागी जमिनीपर्यंत फोडला. पहिला घाव मी घातला, आणि चांगला जोरात घातला.

आठवड्यानं तसाच पाऊस आला. मी मशीन मुद्दाम खालीच ठेवलं आणि दारात उभी राहिले. पाणी चौकात आलं, वळलं आणि चारही तोंडांतून आत उतरलं. वाळ्याची पाती बुडाली, माझा ओटा कोरडा राहिला. एका विहीर खोदणाऱ्याची मी मुलगी आहे, याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खड्ड्यातलं पाणी मुरून गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ओळीतल्या कुणीही ओट्यावर वीट चढवली नाही.

पण मला आठवते ती त्या पावसानंतरची सकाळ. बाबा आले, कुणाचा हात न धरता एक पाय उचलून आत आले आणि आपल्या स्टुलावर बसले. "बंद करनार होती ना दुकान?" त्यांनी विचारलं. मी मशीन चालू केलं.