उजवीकडची शिंक

घरात शांतता नांदावी म्हणून आवाजाची एवढी यंत्रं जमवणारा माणूस माझ्या भावजींखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात जासईला. तिथे हळदीला डीजे लागला की मांडणीवरची भांडी आपणहून खाली उतरतात, आणि एरवी बंदराकडे जाणारे ट्रेलर दिवसभर भिंती हलवत असतात. अशा गावात हा गृहस्थ घराच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून, घामाने निथळत, तबलजीचं बोट शाईच्या मधोमध पडलं की काठावर याचा विचार करत बसलेला असतो. कंटेनर यार्डातल्या नोकरीत रोज लोखंडावर लोखंड आपटलेलं ऐकून त्यांना हा नाद लागला असावा असं मला पूर्वी वाटायचं. ताई म्हणते, नाद लग्नाआधीपासूनचाच, स्थळ दाखवताना कुणी बोललं नाही एवढंच.

त्या मागच्या खोलीत खुर्ची एकच. ती दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, चारही पाय जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनांत. तिच्यावर भावजींशिवाय कुणी बसायचं नाही. बाकीच्यांनी दाराशी चटईवर. दिवाळीच्या साफसफाईत ताईने एक स्पीकर जेमतेम दोन बोटं सरकवला होता, तर यार्डातून आल्यावर गाणं लावून ते म्हणाले, "आज बासरीवाला भिंतीत गेलाय गो." वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली उपड्या पणत्या. भिंतींवर गोधड्या. घरातली कुठली गोधडी किती आवाज पिते याची रीतसर परीक्षा झाली, आणि माझ्या आईने ताईला लग्नात दिलेली सगळ्यांत जाड गोधडी उजव्या भिंतीवर गेली. पण खरा थाट अर्थिंगचा. विजेतली घरघर मुळापासून जावी म्हणून त्यांनी अंगणात खड्डा खणून, त्यात कोळसा आणि मिठागरातलं जाडं मीठ भरून, फक्त या खोलीसाठी वेगळं अर्थिंग केलंय. ते सतत ओलं ठेवावं लागतं. त्यामुळे रोज सकाळी ताई तुळशीला पाणी घालते आणि तिच्या शेजारी उभे राहून भावजी अर्थिंगला. तुळस एखाद्या दिवशी कोरडी राहिली असेल, अर्थिंग कधी राहिलं नाही.

अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा. लावला की नळ्या लालसर उजळतात, पण लगेच गाणं लावायचं नाही, आधी तो तापायला हवा. रविवारी जेवायला बोलावलेली माणसं आधी या खोलीत आणली जातात. "बसा. तापू दे जरा." मग आम्ही बसतो. तिकडे जिताडा माशाचं कालवण गार होत जातं, इकडे अ‍ॅम्प्लिफायर गरम होत जातो, आणि ताई दारात उभी राहून एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. मग कधीतरी सूर लागतो, आणि खरं सांगायचं तर तो असा लागतो की भुकेची आठवण राहत नाही. हे मी भावजींना कधी बोलून दाखवलेलं नाही. मेव्हणीने फार कौतुक करायचं नसतं.

एवढे जपलेले कान घेऊन हा माणूस गावातल्या हळदींना जातो कसा, तर कापूस घालून. पुतण्याच्या हळदीला डीजेच्या स्पीकरांची भिंत त्यांच्याच ओटीसमोर उभी राहिली. काका म्हणून नवऱ्या मुलाला हळद लावणं भाग होतं. भावजींनी हळद लावली, तेवढ्यात डीजे सुरू झाला, आणि त्याच पिवळ्या हातांनी त्यांनी घाईघाईने दोन्ही कानांत कापूस कोंबला. मग माझ्याकडे वळून ओरडले, "ह्यो आवाज नाय गो बाय, मारामारी हाय!" कान पिवळे करून ते हसतमुखाने मांडवात बसून राहिले, आणि भाच्यांनी नाचायला ओढलं तेव्हा नाचलेसुद्धा.

त्याच्या पुढच्या रविवारी शिंक हरवली.

ही शिंक नीट सांगायला हवी. भावजींकडे एक जुनी कॅसेट आहे. त्यांच्या बहिणीच्या लग्नात धवलारिणी धवले गात होत्या. आमच्यात लग्न लावायला या गाणाऱ्या बायका हव्याच. मस्कतहून आलेल्या चुलत्याने आपला नवाकोरा टेपरेकॉर्डर मांडवात ठेवून ते गाणं भरून घेतलं. गाणं रंगात आलेलं असताना मागून, उजव्या अंगाला, कुणीतरी शिंकतं. शुभकार्यात शिंक, म्हणून बायका गाता गाता थांबतात. सगळा मांडव गप्प. मग एक म्हातारी खुदकन हसते आणि गाणं पुढे सुरू होतं. घरात नवी वायर येवो, नवी नळी येवो, भावजी आधी ही कॅसेट लावतात. शिंक उजवीकडून, मागून, मोकळी आली पाहिजे. आली तर वस्तू पास. आम्ही दोघी बहिणी चटईवर बसून तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसतो. ती शिंक त्यांच्या वडिलांची, हे मला ठाऊक होतं. बाबा मिठागरात राबलेले, फार अबोल. त्यांचा एक फोटो ओटीवर आहे. पण त्यांचा आवाज म्हणून मागे जे काही उरलंय ते एवढंच, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तर त्या रविवारी कॅसेट लागली. बायका गायल्या, थांबल्या, म्हातारी हसली, गाणं पुढे गेलं. भावजी खुर्चीत ताठ झाले.

"शिंक कुटं गेली?"

आम्हा दोघींना ती लख्ख ऐकू आली होती. मी म्हटलं, "भावजी, आली की!"

"दारातनं आयकलेलं धरायचं नाय," ते म्हणाले.

मग सुरू झाली शोधाशोध. नळ्या बदलल्या, वायरी बदलल्या, पणत्यासुद्धा बदलल्या. दुसरी गाणी लावली तर तीही उजवीकडे मंद, म्हणून संशय भिंतीवर गेला. "उजवी भिंत आवाज खाते," असा निकाल लागला. आईची गोधडी उतरली, दुसरी चढली, तीही उतरली, आणि अखेर गवंड्याला बोलावून भिंत ठोकून पाहिली. गवंडी म्हणाला, "शेठ, भिंत एकदम फिट हाय, तुमी कशाला टेन्शन घेता?" कॅसेट पुन्हा लागली. बायका थांबल्या, पण कशासाठी थांबल्या ते काही भावजींना ऐकू येईना.

आणि एक दिवस ताईचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "यांनी आज अर्थिंगला पानी नाय घातलं गो." बाहेरच्या माणसाला यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. मी जुईनगरहून होते तशी निघाले. भावजी अंगणात बसले होते, खोलीला कुलूप. जेवणावरची वासना उडालीय, असं ताई म्हणाली. मी शेजारी बसले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मशीन बरोबर हाय, भिंत बरोबर हाय. टेपच झिजली. मीच वाजवून वाजवून पुसली गो बाबांची शिंक. फोटोत बाबा गप, घरात बी गप असायचे. येक शिंक होती, ती बी मी..." या माणसाला मी आजवर इतकं चिडवलंय, पण त्या वेळी अगदी कळवळून बोलले. "भावजी, शपथ घेऊन सांगते, आम्हाला येते ऐकू," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुमी माज्या समाधानासाठी बोलता."

दुपारी ताईने त्यांना बळेच पानावर बसवलं. मी त्यांच्या उजव्या हाताला. मी मीठ मागितलं, त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा मागितलं, तरी नाही. शेवटी ताईने समोरून मीठ सरकवलं आणि आमची नजरानजर झाली. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू बदलून झाली होती, तपासायचा राहिला होता तो फक्त ऐकणारा. पण सांगणार कोण? तुमच्या कानात खोट आहे म्हणण्यापेक्षा घर पाडा म्हटलेलं त्यांना चाललं असतं. मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि म्हटलं, "भावजी, आमच्या जुईनगरला एक कानाच्या डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे मशीन आहे. माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो त्याचा ग्राफ काढून देतात."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली. "दोनी कानांचा येगला?"

"वेगळा."

"चल," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ग्राफ काढण्याआधी त्यांनी उजव्या कानात उजेड पाडून पाहिलं आणि पाहतच राहिल्या. "काका, टेन्शन नका घेऊ, फक्त हलू नका हां." चिमटा आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात कापसाचा बोळा होता. पिवळाधमक.

"ही हळद आहे का?" त्यांनी विचारलं.

हळदच होती. पुतण्याचं लग्न लागून नवी सून माहेरी जाऊन परतसुद्धा आली होती, आणि त्याची हळद अजून काकाच्या कानातून उतरली नव्हती. डाव्या कानातला बोळा त्याच दिवशी निघाला, उजव्यातला नाचताना कुठेतरी पडला असं त्यांनी धरलं होतं, तो मात्र आत सरकला असणार. ताई हसता हसता रडायला लागली. भावजी मात्र मान वर करून छताकडे बघत होते. मग म्हणाले, "डाक्टर, तुमचा पंखा उजवीकडं घासतोय."

ग्राफ त्यांनी तरीही काढून घेतला. जासई येईपर्यंत गाडीच्या काचा खाली ठेवल्या होत्या. एरवी हॉर्नला शिव्या घालणारा हा माणूस प्रत्येक ट्रेलर उजव्या बाजूने गेला की आम्हाला विचारत होता, "आयकलं?" घरी आल्यावर आधी अर्थिंगला भरपूर पाणी झालं. मग कुलूप उघडलं, अ‍ॅम्प्लिफायर लावला, आणि अर्थातच, "तापू दे." पंखा बंद. आम्ही दोघी चटईवर, घाम पुसत. मला मात्र धाकधूक होती. या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासच उडाला असला तर? पुन्हा "समाधानासाठी बोलता" म्हणाले तर पुढे करायला पुरावा असावा, म्हणून मी गुपचूप फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

बायका गायला लागल्या. शिंक आली. बायका थांबल्या, मांडव गप्प झाला, आणि त्या मांडवाबरोबर आम्हीही.

"आली," भावजी म्हणाले. "आली गो, आली."

म्हातारी हसली आणि गाणं पुढे सुरू झालं. एरवी ते लगेच टेप मागे घेऊन शिंक पुन्हा ऐकतात. त्या दिवशी त्यांनी बटणाला हात लावला नाही, गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. ताई डोळे पुसत पानं घ्यायला गेली.

आता सगळं मार्गी लागलंय. आईची गोधडी उजव्या भिंतीवर परत गेलीय आणि पाहुण्यांची कालवणं पुन्हा गार होताहेत. हळदीला जाताना ताई भावजींना कापसाचे बोळे लांब दोरा बांधून देते, आणि ते दोन्ही कानांतून दोरे लोंबकळत ठेवून मांडवात बसतात. पोरं हसतात. मीही हसते, कारण आता हसायला काही हरकत नाही.

ते रेकॉर्डिंग मात्र मी त्यांना ऐकवलेलं नाही. ऐकवलं तर माझी चटईवरची जागासुद्धा जाईल, इतकं ते वाईट आहे. बायकांचं गाणं पत्र्यासारखं वाजतं, शिंक जेमतेम लागते, डावं-उजवं तर काहीच कळत नाही. भावजी मात्र अगदी स्पष्ट ऐकू येतात. परवा फोन बदलला तेव्हा सगळ्यांत आधी मी तेवढं नव्या फोनवर घेतलं, आणि नीट आलंय ना, हे पंखा बंद करून ऐकून पाहिलं.