चुन्याची कळी

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत अर्विंगला राहत होतो आणि जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होतो. एका उन्हाळ्यात, तासाभराच्या ड्राइव्हवरच्या गावातली विटांची लायब्ररी माझ्या गळ्यात पडली. माझं पहिलं स्वतंत्र काम. आधीच्या कुणा शहाण्याने तिच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. सिमेंट कडक, विटा मऊ. सांध्यातून ओल बाहेर पडेना, ती विटांतून पडू लागली आणि विटांचे पापुद्रे सुटले. आता ते सगळं खरवडून मूळच्यासारखा चुना-वाळूचा माल भरायचा होता. ‘मूळच्यासारखा’ हा शब्द कागदावर लिहायला फार सोपा आहे.

आमचा गवंडी सत्तरीचा, कमी बोलणारा. जुन्या मालाचा तुकडा आम्ही ॲसिडमध्ये विरघळवला, खाली उरलेली वाळू धुतली आणि तशीच पिवळसर वाळू शोधून आणली. भिंतीवर तीन नमुने भरले. रंग जुळला, तरी तिन्ही ठिगळं रस्त्यावरून ओळखू येत होती. महिनाअखेरीस लायब्ररीची कमिटी बघायला येणार होती. पसंत पडलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

त्याच सुमारास आई नागपूरहून आली होती. घरी कंटाळते म्हणून तिला साइटवर नेलं. तिने आयुष्यभर बांधकामांवर बिगारी केली, माल कालवला, घमेली वाहिली. ऑफिसात मात्र मी सांगितलं होतं, “शी वॉज इन कन्स्ट्रक्शन.” खोटं नव्हतंच ते. लोकांनी आपल्या मनाने तिला बिल्डर केलं आणि मी करू दिलं.

आईने नमुने पाहिले. मग जुन्या मालाचा तुकडा फोडून, थुंकी लावून अंगठ्याने चोळला. “काऊन रे, तुझ्या मालात कळ्या कुठं आहेत?”

मी गवंड्याला इंग्रजीत सांगितलं, यात कळ्या नाहीत म्हणते. “फुलांच्या?” त्याने विचारलं आणि शेजारच्या गुलाबांकडे पाहिलं. मीही तितकाच कोरा होतो. सिव्हिलची डिग्री घेतली आणि आईच्या कामातला हा शब्द कधी विचारला नाही.

तिने नखाने दाखवलं. जुन्या मालात कणीएवढे पांढरे ठिपके होते. “भट्टीतून चुना खड्यांचा निघते, त्याले कळी म्हणते. ही कळी वाळूतच पाणी मारून विझवली आहे. काही खडे पुरते फुटत नाहीत, ते असे राहतात. तुझा चुना पोत्यातला, पिठावानी. त्यात काय राहीन?”

मी हे सांगितल्यावर गवंड्याने तो तुकडा स्वतः नखाने खरवडून पाहिला. आपले आजोबा असंच करायचे, लहानपणी पाहिलं होतं, म्हणाला. दोन दिवसांनी तो कुठूनसा खड्यांचा चुना घेऊन आला. आईने पदर खोचला, आम्हा दोघांना मागे सारलं, खडे वाळूत पुरून पाणी शिंपडलं. वाफ निघाली. कधी थांबायचं, कधी ढवळायचं, हे ती फुटणाऱ्या खड्यांच्या आवाजावरून सांगत होती आणि सत्तरीचा गवंडी निमूट ऐकत होता. त्याच मालाने आम्ही भिंतीवर चौथा नमुना भरला. मला तिचा इतका अभिमान तोवर कधी वाटला नव्हता. तो आधी का वाटला नाही, याची लाजही तेवढीच वाटली.

कमिटी आली तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, चौथा नमुना कुठे आहे? बोट ठेवून दाखवावा लागला. काम आमच्याकडेच राहिलं.

त्या गेल्यावर गवंडी आईकडे वळला. “मॅम, तुमची कंपनी केवढी होती?”

मी म्हणालो, “कंपनी नव्हती. ती मजूर होती. डोक्यावरून माल वाहायची. त्याच्यावर मी शिकलो.”

त्याने हातमोजा काढला आणि आपला तळवा तिच्या तळव्याशेजारी धरला. दोघांच्याही बोटांवर चुन्याने खाल्लेले तेच पांढरे डाग होते.

“काय सांगितलं त्याले?” आईने विचारलं.

“तू काय काम करायचीस, ते खरं सांगितलं.”

“मंग आधी काय सांगितलं होतं?”