एक शब्दही बदलू नका

इंग्रजी बोलायची वेळ आली की अक्का आधी डोळे मिटायच्या. मग उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागायचा. एका पेराला एक वाक्य. बारा पेरं झाली की परिच्छेद संपला असं आपण समजायचं. जप करणारी माणसं तुम्ही खूप पाहिली असतील. शोधनिबंधाचा जप करणारं माणूस मी तरी एकच पाहिलं.

जळगावला विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांना मी इंग्रजी शिकवते. शोधनिबंध वाचायचा कसा, त्यावर बोलायचं कसं, आपला प्रबंध लिहायचा कसा, एवढंच. त्या वर्षी वर्गात सगळी पंचविशीतली मुलंमुली आणि पहिल्या बाकावर या बाई, पंचेचाळिशीच्या, असोद्याहून बसने येणाऱ्या. वर्ग त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला म्हणायच्या मॅडमबाई. एका कॉलेजात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. पीएच.डी. झाली तरच नोकरी कायम होणार होती, आणि नोंदणीची मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती.

त्यांचा विषय केळीवरचा करपा रोग. बाग घरचीच. आठ वर्षं रोज सकाळी बागेत जाऊन पानं उलटून बघितलेली बाई ती! विषयात त्यांचा हात कोणी धरला नसता. घोडं अडलं होतं ते इंग्रजीपाशी.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "अक्का, काय वाचलंत ते थोडक्यात सांगा." त्यांनी डोळे मिटले, अंगठा पेरावर ठेवला आणि आख्खा शोधनिबंध म्हणून दाखवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत! पोरांनी टाळ्या पिटल्या आणि त्यांच्याबरोबर मीही.

"अहो अक्का, थोडक्यात म्हटलं होतं मी."

"मोठ्या मान्साचं वाक्य आपुन कशाले मोडायचं, मॅडमबाई?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरी भाकरी थापतानाही पाठांतर चालायचं. सासूबाई दाराशी येऊन हात जोडून उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी विचारलं म्हणे, "कोन्त्या देवाचं गं हे?" अक्कांनी सांगितलं, "करप्याचं." हे सांगताना अक्का तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की मागच्या बाकावरची पोरंही हसायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी लिहायला दिलं. एक निबंध वाचा आणि त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहून आणा. चाळीस जणांच्या वह्या एका दुपारी तपासायच्या होत्या. मूळ निबंध मी नुसता वरवर चाळला होता. खोटं कशाला बोलू? अक्कांचा कागद वाचून मी खूश झाले, काहीतरी शेरा मारला आणि पुढची वही ओढली.

दोन वर्षांनी त्यांचा प्रबंध पुरा झाला. त्या दिवशी डबाभर भरीत घेऊन त्या ग्रंथालयात आल्या. प्रबंध दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो हे तिथल्या संगणकावर तपासतात, आणि जुळेल ती ओळ लाल होते. ग्रंथपालांनी पडदा आमच्याकडे वळवला. पानंच्या पानं लाल!

"ही सरळ सरळ चोरी आहे," ग्रंथपाल म्हणाले.

अक्का एकदा पडद्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. "चोरी? मी बठ्ठ्यायची, एकूनएकाची नावं देल्ली ना शेवटी. एक तरी शब्द इकडचा तिकडं झाला का, पाहा बरं!"

अहो, तोच तर गुन्हा होता! मी भरिताचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

आठवड्याभरात समिती बसली. चार प्राध्यापक, अक्का, आणि भाषेची शिक्षिका म्हणून कोपऱ्यात मी. अध्यक्ष म्हणाले, "कुठून उतरवून घेतलंत हे?"

"उतरवलं नाही, सर. पाठ आहे."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मधलं एक पान उघडून पहिले दोन शब्द वाचले. अक्कांनी डोळे मिटले. अंगठा सरकू लागला. ते पान झालं, पुढचं झालं, त्याच्या पुढचं झालं. चौघंही हादरले. कागद बघून उतरवलं नाही हे सिद्ध झालं, आणि त्याच दमात यातलं काहीच त्यांचं नाही हेही सिद्ध झालं.

"आता तुमचं सांगा," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

अक्कांनी डोळे उघडले. हात मांडीवर ठेवले. आणि मोडक्यातोडक्या, अडखळत्या इंग्रजीत सांगू लागल्या, की सकाळी दव असताना पान उलटावं. ऊन चढलं की रोगाची खूण दिसत नाही. खालच्या बाजूला केसाएवढी पिवळी रेघ असते. सासऱ्यांना ती कधी दिसली नाही, मला दिसते. रेघ दिसली की किती दिवसांनी डाग पडतो, ते मी लिहून ठेवलं आहे. त्यांच्या तोंडून अशी इंग्रजी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकत होते. एका प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे का नाही लिहिलंत?" ते जवळजवळ ओरडलेच. "असं दुसऱ्यांचं लिहायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

अक्कांनी पिशवीत हात घातला. माझ्याकडे पाहिलं. हात बराच वेळ पिशवीतच होता. मग नुसता रुमाल बाहेर आला. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कोनी नाही, सर. माह्याच मनानं."

मी बोलायला हवं होतं. निदान पहिल्या दिवशीच्या टाळ्यांचं तरी सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी घाबरले. प्रबंध नामंजूर झाला. मुदत त्याच महिन्यात संपत होती. ती तिसऱ्यांदा वाढवून मिळाली नाही.

अक्का पुन्हा विद्यापीठात आल्या नाहीत. कॉलेजातलं कामही सोडलं असं कळलं. मी दोनदा फोन केला. सासूबाईंनी उचलला आणि सांगितलं, "ती बागात गेली."

परवा टपालाने एक पाकीट आलं. आत वहीचा एकच कागद, घड्यांवर झिजलेला. पहिल्या वर्षी लिहायला दिलेला तो सारांश, मूळ निबंधातली वाक्यं जशीच्या तशी, आणि समासात लाल शाईने माझं अक्षर: "फारच छान, अक्का! एक शब्दही बदलू नका."

त्या दिवशी त्यांच्या पिशवीत काय होतं ते मला आत्ता कळत होतं.

कागद उलटला. मागे बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

"मॅडमबाई, हे तुमचं वाक्य. म्या कोनालेच दाखवलं नाही."