चारठाण्याहून आणलेलं इंजिन

"तिकडं असं नसतं," असं म्हणून तो खिशातला रुमाल काढायचा, त्याच्या घड्या मोडायचा आणि नाकाला लावायचा. माझ्या वर्कशॉपच्या दारात उभं राहून हे त्याचं रोजचं. वेल्डिंगचा वास असो, समोरची नाली असो की शेजारच्या टपरीवरचा उकळता चहा, सगळ्यावर हाच शेरा.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो. इथं 'तो' म्हणतोय, तेवढी मोकळीक असू द्या. बारा वर्षं साहेब म्हटलंय.

तिकडं म्हणजे अमेरिकेत. मुलगा तिथं नोकरीला, आणि हा दोनदा सहा-सहा महिने जाऊन आलेला. मी एकदा विचारलं, "साहेब, तिकडं काय काय पाहिलं?" त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "शिस्त."

परभणीत जिंतूर रस्त्याला माझं वर्कशॉप आहे. ग्रील, गेट, शेड अशी कामं. मागच्या कॉलनीत त्याचं घर. सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. माझं नाव दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, पण त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए मिस्त्री," एवढंच. वयानं मी पन्नाशीला टेकलेलो.

त्यानं माझ्याकडून घराचं गेट करून घेतलं तेव्हाची गोष्ट. मापं त्यानंच कागदावर काढून दिली, खाली झोकात सही केली. गेट नेऊन लावायला गेलो तर चार बोटं जास्त. मी कागद दाखवला. त्यानं कागद बघितला, भिंत बघितली आणि म्हणाला, "भिंत चुकलीय." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी गवंडी लावून त्यानं भिंत तासून घेतली. असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल.

मूळचा तो आमच्याच जिल्ह्यातल्या राणीसावरगावचा. हे मला त्यानं सांगितलं नाही, बाजारात कळलं. भाजीवाल्या बायांशी तो मुद्दाम हिंदीत बोलायचा. एकदा मेथीवाली म्हणाली, "मराठीत बोला की साहेब. तुमच्या घरामागंच माहेर हाय माझं, सावरगावात." त्यानं हातातली जुडी खाली ठेवली आणि दुसऱ्या गाड्यावर गेला. पुन्हा त्या बाईकडून त्यानं कधी भाजी घेतली नाही.

तर एका दिवाळीनंतर तो रुमाल न काढताच आत आला. मुलगा सहकुटुंब येणार होता, चार दिवसांसाठी. "मिस्त्री, आपल्याला एक जुना स्मोकर घ्यायचाय. तू चल बघायला."

स्मोकर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, त्याला झाकण, एका टोकाला धुराडं आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाला जोडलेली एक पेटी. लाकडं पेटीत जाळायची, जाळ तिथंच राहतो, फक्त धूर आणि ऊब पिंपातून फिरते, आणि आतलं मटण त्यावर आठ-दहा तासांत शिजतं. मला तर ते रेल्वेचं जुनं इंजिन वाटलं. तसं म्हणालो, तर त्याला राग आला.

चारठाण्याच्या पुढं, रस्त्यापासून आत, हैदराबादच्या एका हॉटेलवाल्यानं फार्महाऊस बांधलं होतं. ते चाललं नाही. मालक परत गेला, सामान विकायला काढलं, आणि राखण करायला एक बाई ठेवली. नवरा तिचा हैदराबादलाच सेंट्रिंगच्या कामावर. ती आणि एक म्हातारी सासू, दोघी तिथल्या मागच्या खोलीत राहायच्या.

आम्ही टेम्पो घेऊन सकाळी दहाला पोचलो, तर त्या स्मोकरमध्ये जाळ चालू होता. बाईनं त्याचीच चूल केली होती. पेटीत बाभळीची लाकडं, पेटीच्या वरच्या पत्र्यावर भाकरी भाजायल्या होत्या, आणि पिंपाच्या झाकणावर डाळीचं पातेलं गरम राहायला ठेवलेलं. मला तर तिची अक्कल आवडली. आठ तास धूर काढण्यापेक्षा हे बरं.

त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या पानात बूट ठेवलाय.

"यह क्या है? किसने बोला तुमको?"

"भाकरी करायलेय साहेब," बाई उठत म्हणाली. "मालकाला इचारलंय. दोनच राह्यल्यात. सासूबाईला गोळ्या घ्यायच्या हायत, तेवढं खाऊन होऊ द्या."

मी मधे पडलो. "होऊ द्या साहेब, तवर मी बघून घेतो." खाली वाकून पाहिलं. पिंप बरं होतं, जाड पत्र्याचं. पेटीचा तळ मात्र जळून पातळ झाला होता आणि पेटी पिंपाला जिथं जोडली होती तो सांधा जुना, गंजानं खाल्लेला. म्हटलं, "तळाला नवा पत्रा लागेल. सांधा पण काढून परत मारावा लागेल. पण घेण्याजोगं आहे. निवू द्या तासभर, मग उचलू."

"तासभर?" तो म्हणाला. आणि कोपऱ्यात भरून ठेवलेली बादली त्यानं उचलली.

"साहेब, गरम लोखंडावर पाणी नका टाकू!"

"मला शिकवू नको."

इंजिनिअर होता तो. पस्तीस वर्षं इंजिनिअर. बादली त्यानं पेटीवर उपडी केली. भाकरी पाण्याबरोबर वाहत चिखलात गेल्या, राखेचा लोट उठला आणि त्या वाफेत 'टण्ण' असा आवाज आला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. सांधा वरपासून खालपर्यंत तडकला होता. फटीत माझं बोट गेलं असतं.

तो फटीकडं बघत उभा राहिला. मग खिशातून फोन काढला, मालकाला लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला की तुमच्या बाईनं चूल पेटवून माल फोडून ठेवलाय, मिस्त्री माझ्यासोबत आहे, त्यालाच विचारा. आणि फोन माझ्यापुढं धरला.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. मी म्हणालो, "हां, क्रॅक है." बस. पुढचं बोललो नाही. टेम्पो माझ्या ओळखीचा, रिकामा परत गेला तर त्याचं भाडं बुडणार, कॉलनीतली निम्मी कामं त्याच्या शब्दानं येणारी, आणि तो शेजारी उभा. बाई माझ्याकडंच बघत होती. तिनं खाली वाकून चिखलातून एक भाकरी उचलली, पदरानं पुसून बघितली आणि बाजूच्या कुत्र्याला टाकली. मालकानं फुटक्या मालाचा भाव कमी केला आणि आम्ही इंजिन घेऊन आलो. वाटेत तो खुशीत होता. "बघितलंस मिस्त्री? बोलता आलं पाहिजे."

मी इंजिन त्याच्या घरामागं उतरवलं. नवा पत्रा त्याला नको होता. "सांधा वरवर मार, चार दिवसांचा प्रश्न आहे." मी वरवर मारलं. त्या वेळी त्याच्या बायकोनं चहा आणला. काकू साध्या बाई. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिकडं पोराच्या अंगणात असलंच होतं हो. शनिवारी पेटवायचे. पोरगा ह्यांना म्हणायचा, बाबा, तुम्ही आग बघा. मग दिवसभर हे लाकडं घालत बसायचे. पोरगा पण येऊन बसायचा शेजारी, बोलायचा. बाकी आठवडाभर कुणाला वेळ नसायचा. आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहायचो."

एवढं ऐकून माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. पण ग्राइंडर बंद करून मी चहा पूर्ण प्यालो.

रविवारी त्यानं कॉलनीतल्या पंधरा-वीस जणांना जेवायला बोलावलं, मलाही. बोकडाच्या दोन तंगड्या आदल्या दिवशी मसाला लावून ठेवलेल्या. उजाडायला त्यानं जाळ केला. बारा वाजता मी गेलो तर अंगणात धूरच धूर. झाकणातून धूर, सांध्यातून धूर, धुराडं तेवढं कोरडं. पाहुणे डोळे पुसत फाटकाबाहेर उभे होते. तो मात्र अंगात स्वेटर, हातात चिमटा घेऊन पेटीसमोर स्टुलावर बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "घाई नाही करायची. तिकडं दहा तास लागतात. आपल्याकडं लाकूडच धड नाही."

एक वाजता झाकण उघडलं. बाहेरून कोळसा, आतून लाल कच्चं. त्यातल्या त्यात बरा तुकडा त्यानं कापला, ताटलीत घातला आणि मुलापुढं धरला. मुलगा नातीला कडेवर घेऊन उभा होता. चांगला मुलगा होता, मऊ बोलणारा.

"बाबा, मी मटण सोडलं ना. आम्ही दोघांनीही."

"कधी?"

"झालं की वर्ष."

त्याचा ताटलीचा हात तसाच पुढं राहिला. मग तो ज्या बोलीत बोलला ती मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. "सांगितलं न्हाईस रं मला."

मुलगा म्हणाला, "राहून गेलं."

काकूंनी कुकर लावलाच होता. आम्ही सगळे आत जाऊन वरण-भात, वांग्याची भाजी जेवलो. खिडकीतून तो दिसत होता. कुणी खाणार नव्हतं तरी पेटीत एकेक लाकूड सरकवत होता. मला कीव आली. घास घेताना त्या बाईच्या चिखलातल्या भाकरी आठवल्या आणि ती कीव तिथंच थांबली.

महिनाभरानं टेम्पोवाला दुकानात आला तेव्हा सहज बोलून गेला की त्या फार्महाऊसच्या बाईला मालकानं काढलं. माल फोडला म्हणून. मी त्याच दिवशी चारठाण्याला गेलो. देवळाच्या मागच्या गल्लीत, कुणाच्या तरी गोठ्याला लागून पत्र्याच्या खोलीत ती राहत होती. सासू बाजेवर पडलेली. मी तिच्याकडून मालकाचा नंबर घेऊन तिच्या देखत हैदराबादला फोन लावला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, बादलीसकट. मालक म्हणाला, "अब क्या फायदा मिस्त्री? दूसरा आदमी रख लिया मैं." फोन कट.

बाई म्हणाली, "त्या दिवशी तुमचं तोंड कुठं गेलतं, भाऊ?"

तिनं पाणी दिलं, ते पिऊन मी निघालो.

परभणीत येऊन सरळ त्याच्या घरी गेलो. तो पेपर वाचत होता. मी म्हणालो, "साहेब, त्या बाईचं घर गेलं. तुमच्या-माझ्यामुळं."

त्यानं चष्मा वर केला. "कोणती बाई?"

मला वाटलं नाटक करतोय. मी नीट चेहरा बघितला. खरंच आठवत नव्हतं त्याला. मी चारठाणा म्हणालो, भाकरी म्हणालो, बादली म्हणालो. त्यानं कपाळाला आठी घातली, डोकं हलवलं आणि विचारलं, "मिस्त्री, ते इंजिन भंगारात किती किलो भरेल रे?"

त्या दिवसापासून मी त्याला साहेब म्हणणं सोडलं. त्याच्या कामालाही गेलो नाही. कॉलनीतली कामं थोडी कमी झाली, नंतर परत आली.

दोन वर्षांनी काकू गेल्या. मुलाला यायला जमलं नाही. घर विकून तो पुण्याला दिलेल्या मुलीकडं चालला असल्याचं कुणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं.

परवा दुपारी माझे पाहुणे येणार होते म्हणून स्टेशनवर गेलो. समोरच्या फलाटावर तो उभा होता. स्वेटर, दोन मोठ्या बॅगा, पोचवायला कुणी नाही. अंगानं निम्मा झालेला. त्याला मी दिसलो. मधे फक्त रूळ होते. त्यानं हात वर केला, आणि हाक मारली. मिस्त्री म्हणाला नाही. माझ्या नावानं हाक मारली, पूर्ण नावानं, दोनदा.

मी मोबाइल काढून कानाला लावला. पलीकडं कुणीच नव्हतं, तरी "हां, बोला," म्हणालो. तेवढ्यात त्याची गाडी आमच्या मधे येऊन उभी राहिली. ती हलल्यावर पलीकडचा फलाट मोकळा दिसला, आणि माझा मोबाइल अजून कानालाच होता.