दादाचा सर्व्हर

माझा मोठा भाऊ एका विमा कंपनीच्या संगणक विभागात नोकरीला होता. ऑफिसात त्याला घुम्या म्हणत, आणि ते नाव त्याला चपखल बसायचं. लग्नात फोटोग्राफर ‘जरा हसा’ म्हणून म्हणून दमला, शेवटी वहिनीच्या हसण्यावर भागवून घेतलं. पण एका गोष्टीबद्दल विचारलं की दादाला कंठ फुटायचा. त्याचा सर्व्हर.

मी शिवणकाम करणारी बाई. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं काहीतरी यंत्र असणार, असं मी धरून चालले होते. दादाने माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढलं. “अगं, हा नुसता प्रोग्राम आहे. नेटवर्कवरून कुणी हाक मारली की ओ द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं, निरोप जिथला तिथे पोचवायचा आणि पुढच्याला घ्यायचं. बास.” मोठे सर्व्हर सतरा कामं करतात आणि त्यासाठी तगडं यंत्र मागतात. दादाचा एवढंच करायचा, म्हणून तो तळहातावर मावणाऱ्या स्वस्त डबीतही चालायचा. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलाचं एक टोक अडवून त्याने तो लिहिला आणि इंटरनेटवर ठेवून दिला. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा.

लोकांनी नेला. कुणी हवामान मोजायच्या खांबात बसवला, कुणी ग्रंथालयात, कुणी पार्किंगच्या आडव्या दांडीत. अनोळखी माणसांचे आभाराचे मेल यायचे, ते दादा वहिनीला वाचून दाखवायचा. वहिनी म्हणायची, “जगाला ओ देणारा माणूस, मी स्वयंपाकघरातून हाक मारली की बहिरा होतो.” हसायची तेव्हा ती.

सर्व्हरमध्ये एक उणीव होती, ती दादालाच सापडली. कुणी कनेक्शन जोडलं आणि काहीच न बोलता धरून ठेवलं, तर सर्व्हर त्याची वाट बघत राहायचा. असे गप्प बसलेले पुष्कळ झाले की सगळ्या जागा अडायच्या आणि खरं काम असलेला बाहेर ताटकळायचा. दादाने ते दुरुस्त केलं. थोडा वेळ वाट बघायची, नाही बोलला तर काढून टाकायचं. नवी आवृत्ती ठेवली, जुनी वापरू नका असं ठळक अक्षरात लिहिलं, आणि त्याच्या लेखी विषय मिटला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक कंपनी गळ्यात अडकवायचं बटण विकायची. बटण दाबलं की घरातली डबी कंपनीच्या केंद्राशी जोडली जायची आणि केंद्रातून लगेच फोन यायचा, गरज असली तर रुग्णवाहिका. केंद्रात या डब्यांची हाक घ्यायला दादाचाच सर्व्हर होता. तोही जुना. नव्या आवृत्तीकडे तिथे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात एकदा शहराच्या एका भागातली लाइन बिघडली. तिथल्या डब्या जोडल्या जायच्या, मध्येच तुटायच्या, पुन्हा जोडल्या जायच्या. ही अर्धवट कनेक्शनं सर्व्हर धरून बसला आणि दुपारपर्यंत जागा संपल्या. त्याच दुपारी, अगदी दुसऱ्या टोकाला, एक निवृत्त सुतार न्हाणीघरात घसरून पडला. तो बटण दाबत राहिला. मुलगी कामावरून आली तेव्हा सगळं संपलं होतं.

कंपनीने चौकशीत हात झटकले. दोष म्हणे बाहेरून घेतलेल्या फुकट प्रोग्रामचा. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच दादाचं नाव होतं.

ती मुलगी दादाच्या घरी आली. मी भाचीचा फ्रॉक द्यायला तिथे गेले होते. शाळेत शिकवते म्हणाली. पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या कडेला बसली.

“तो प्रोग्राम तुम्ही लिहिलाय?”

“हो,” दादा म्हणाला.

“बाबांनी खूपदा बटण दाबलं. डबीत नोंद आहे. तेव्हा तो बंद पडला होता का?”

“बंद नव्हता. वाट बघत होता.”

“कुणाची?”

“जे बोलणार नव्हते त्यांची.”

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती हळूच म्हणाली, “माझे बाबा बोलायला लागले की थांबायचे नाहीत हो,” आणि उठून गेली. वहिनीने पुढे केलेलं पाणी तसंच राहिलं.

दार लागल्यावर मी दादावर चिडले. “तू केव्हाच दुरुस्त केलं होतंस. सांगितलं का नाहीस?”

“सांगून तिचे वडील उठून बसणार आहेत?”

“पण चूक त्या कंपनीची.”

“लिहिताना मीच विचार केला नाही. गप्प बसणाऱ्या माणसाची मला कधी धास्तीच वाटली नाही.”

त्यानंतर दादाने जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना हुडकायला सुरुवात केली. जिथे पत्ता मिळेल तिथे लिहायचं, विनवण्या करायच्या, नवी घ्या म्हणून. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, आमचे ग्राहक खूश आहेत, उगाच त्रास देऊ नका. ज्या कारखान्यांनी डब्यांत तो कायमचा बसवला होता त्यातले काही बंदच पडले होते. डब्या मात्र कुठेतरी भिंतीवर चालूच. ऑफिसातही दादा हेच करत बसायचा. साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा घरी बसवलं.

वहिनीने पुष्कळ सोसलं. एकदा माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, “या घरात दोघी आहेत. आमच्याशीही बोल ना कधी.” दादा म्हणाला, “हा एक मेल झाला की.” तिने भांडण केलं नाही. शाळेची परीक्षा आटोपल्यावर लेकीला घेऊन ती माहेरी गेली ती तिकडचीच झाली. भाची सुरुवातीला फोन करायची. फोनवर दादा ‘हं, हं’ एवढंच म्हणायचा. मग तिचेही फोन आटले.

आता तो माझ्याकडे असतो, मागच्या खोलीत. संगणक विकून टाकला. मला काज-बटणं करून देतो, हात साफ आहे त्याचा. डॉक्टर गोळ्या देतात, त्याने झोप लागते, बाकी काही नाही.

परवा आमच्या इमारतीच्या फाटकाला नवीन यंत्र बसवलं, कार्ड दाखवलं की उघडणारं. दादा बसवणाऱ्याशी काहीतरी बोलला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तरातरा जिने चढून थेट सोसायटीच्या चिटणिसांकडे गेला. मी धावत मागे. “यात माझाच प्रोग्राम आहे,” तो सांगत होता, “जुना. तो बदलून घ्या.” चिटणीस भला माणूस. त्यांनी दादाला बसवलं, चहा सांगितला. म्हणाले, “फाटक उघडतंय ना? मग चालू गोष्टीला कशाला हात लावायचा?”

दादाने चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, “बरोबर आहे.”

त्या दिवसापासून तो फाटकाने जात नाही. मागच्या बाजूला कचऱ्याच्या पिंपांजवळ एक दार आहे, तिथून ये-जा करतो. तेही आताशा क्वचितच. मी विचारलं तर म्हणतो, बाहेर आहे काय?