दाराकडे वळवलेल्या चपला

कुणाच्याही घरी गेला की तो चपला काढायचा, वाकायचा आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायचा. मगच आत यायचा. "निघताना शोधाशोध नको भो," म्हणायचा. आणि टेकायच्या आधीच, "येतो मी." तो खरंच निघेपर्यंत दोनदा चहा व्हायचा, ती गोष्ट वेगळी.

तुमच्याही वर्गात असा एक असेल, दाराजवळच्या बाकावरचा. यावल तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी त्याच्या शेजारी बसायचो, कारण वाचायला तिथे उजेड बरा होता. तो बसायचा घंटा झाल्यावर पहिला बाहेर पडायला. गुरुजी विचारायचे, "काय रे, गाडी चुकते का तुझी?"

"गाडी कुठी हाये गुरुजी? पण जाऊन तर पाहू."

पुढे मी जळगावला एका शाळेत ग्रंथपाल झालो आणि तो केळीच्या ट्रकवर गेला. शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर ही नावं तो गल्लीतली घरं सांगावीत तशी सांगायचा. दिल्लीहून परतला की आग्र्याचा पेठा माझ्या टेबलावर ठेवायचा. "तू वाचत बस. मी पाहून येतो."

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोन-तीनदा जळगावला येऊन डायलिसिस करून घ्यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. "दावं जळगावले बांधलं," तो म्हणाला. "यावलपर्यंतच पुरते." पाणी घोटाघोटाने. आणि केळं बंद. ज्याच्या घराच्या तिन्ही बाजूंना केळीची बाग, त्याला केळ्याचं पथ्य! पाहुण्याच्या हातात तो फणी ठेवायचा आणि समोर बसायचा. "खा. माह्यासमोर खा. पण हळूहळू खा." आम्ही खायचो. अगदी हळूहळू.

शाळा सुटली की मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. डायलिसिसच्या त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, थंडगार हवा, यंत्राची एकसुरी घरघर. दाराबाहेर इतरांच्या चपला कशाही पडलेल्या आणि याच्या तेवढ्या तयारीत. सुया टोचल्या की तो डोळे मिटायचा आणि ट्रक काढायचा.

"घाट लागला. बोलू नको आता."

नर्स ओरडायची, "काका, हात हलवू नका!"

"हलवत नही ताई. गिअर टाकतो."

सुया काढल्या की मला सांगायचा, "आज ग्वाल्हेरपर्यंत पोचलो. रस्ता मोकळा होता." एकदा मात्र तो डोळे उघडे ठेवून त्या नळ्यांकडेच बघत राहिला. "पाह्यलं का भो? रगतसुद्धा बाहेर जाते न फिरून घरीच येते."

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, आज हे निघायलाच तयार नाहीत. तुम्ही या."

मी गेलो. ओट्यावर त्याच्या चपला होत्या. तोंडं घराकडे. इतक्या वर्षांत मी त्या तशा कधी पाहिल्या नव्हत्या.

"सकाळपासून मी फिरवून ठेवते," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि हे उठून परत घराकडे वळवतात. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

आत खाटेवरून तो म्हणाला, "तिले सांग भो, दावं सोड म्हना आता. मले नही सांगता येत."

दोघांनाही सांगणारा मीच हवा होतो. मी उंबरठ्याशी उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "एक फेरी कर. मी येतो सोबत."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे, वहिनींकडे पाहिलं. मग उठला. त्यांनी घाईघाईने चपला वळवल्या.

त्या दिवशी जळगावच्या खाटेवर तो डोळे मिटून पडून होता. मी विचारलं, "कुठवर आलो?"

"शिरपूर."

बऱ्याच वेळाने परत विचारलं.

"शिरपूरच. गाडी पुढं जात नही भो." डोळे न उघडताच म्हणाला, "मी काय माह्यासाठी येतो का इथं?"

वहिनी पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

त्यानंतर तो जळगावला आला नाही. मग फार दिवसही गेले नाहीत. घरीच गेला, बागेकडच्या खोलीत.

दारावर, सांत्वनाला, गेलो तेव्हा ओटा माणसांच्या चपलांनी भरला होता. भिंतीकडेला त्याच्या होत्या, तोंडं घराकडे करून. माझ्याही नकळत मी वाकलो, वळवायला.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी मीच ठेवल्या तशा. त्यांना दाखवून ठेवल्या."

मी थोडा वेळ बसलो. निघताना त्या ढिगात माझ्या चपला मला बराच वेळ सापडल्या नाहीत.